मोटरला ईएससी किती अँपियरचा? नवीन आरसीवाल्यांसाठी जोडी जुळवायची पद्धत

आरसी म्हणजे रिमोट कंट्रोलच्या विमानाच्या नादाला नवीन लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो, की मी अमुक मोटर घेतलीये, हिला ईएससी (बॅटरी आणि मोटरच्या मध्ये बसून मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर) किती अँपियरचा लावू? प्रश्न चुकीचा नाहीये पण अर्धाच आहे. मोटर किती करंट ओढणार हे एकट्या मोटरवर ठरत नाही, ते ठरतं तिला लावलेल्या प्रॉपवर (प्रोपेलर, म्हणजे पुढचा पंखा) आणि मागे जोडलेल्या बॅटरीवर. तीच ९५० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे काय ते खाली ३ मध्ये) ३एस म्हणजे तीन सेलच्या बॅटरीवर ८ इंची प्रॉप लावला तर ८-९ अँपियरवर निवांत फिरेल, आणि तिलाच ११ इंची लावला की पंचविशीकडे जाईल. मोटर तीच, बॅटरी तीच. म्हणून ईएससी सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी विमानाचं वजन, मग किती वॉट लागतील, मग बॅटरी, मग प्रॉप आणि केव्ही, मग मोटर, आणि हे सगळं झाल्यावर ईएससी. खाली याच क्रमाने जाऊ, आणि सोबत एक उदाहरण धरून चालू म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

उदाहरण असं: स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या सनबोर्डचं, वर पंख असलेलं ट्रेनर विमान, पंखाची लांबी १.२ मीटर, बॅटरीसकट सगळं धरून वजन ९०० ग्रॅम. कॉलेजच्या पोरांचं पहिलं विमान बहुतेक असंच असतं.

१. आधी वजन करा

किचनमधला डिजिटल काटा पुरतो. विमान अजून तयार नसेल तर सनबोर्ड, सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसिव्हर, बॅटरी, लँडिंग गियर सगळ्याचं वजन मांडून घ्या आणि वर १० टक्के टाका, कारण ग्लू, टेप आणि वायरी मिळून नेहमीच अंदाजापेक्षा जास्त भरतात.

आता किलोला किती वॉट. हळू उडणारं विमान किंवा मोटर ग्लायडर असेल तर किलोला १०० ते १५० वॉट चालतात, ट्रेनरला १५० ते २००, साधारण स्पोर्ट विमान ज्यात लूप-रोल मारायचेत त्याला २०० ते ३००, आणि थ्रीडी म्हणजे नाक वर करून हवेत लटकवायचं असेल तर ३५० च्या पुढे. हे वॉट बॅटरीतून निघणारे, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर. नेटवरचे बरेचसे तक्ते पाउंडमध्ये असतात, तिथं 'पाउंडला १००' लिहिलेलं असेल तर ते किलोला २२० होतात. हा घोळ नक्की टाळा, कारण पाउंडचा आकडा किलोचा समजून घेतला तर विमान निम्म्याहून कमी ताकदीत राहतं.

आपलं विमान ९०० ग्रॅम, किलोला २०० धरले तर १८० वॉट. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

मोटरच्या जाहिरातीत 'थ्रस्ट ९०० ग्रॅम' वगैरे मोठ्या अक्षरात असतं, थ्रस्ट म्हणजे प्रॉपची ओढ, पण तो आकडा मोटर जागेवर बांधून मोजलेला. ड्रोनला तो कामाचा आहे. विमानाला पुढे पळायचं असतं, त्यामुळे इथं वॉट आणि पिच स्पीड (हा खाली ३ मध्ये येतो) बघितलेलं बरं. ट्रेनरला वजनाच्या ६०-७० टक्के थ्रस्ट मिळाला तरी तो छान उडतो.

२. बॅटरी

या आकाराला ३एस लिपो (लिथियम पॉलिमर). एका सेलचे ३.७ व्होल्ट म्हणजे ११.१, फुल चार्जला १२.६, आणि लोड पडल्यावर खाली बसून ११ च्या आसपास. हिशोब ११ ने करा. १८० भागिले ११ म्हणजे साधारण साडेसोळा अँपियर.

२२०० एमएएचची ३एस बॅटरी १८० ग्रॅमच्या आसपास भरते आणि या विमानाला बरोब्बर बसते. लेबलवर २५सी असेल तर २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपियर देऊ शकते असा कंपनीचा दावा. माझा सल्ला, या दाव्याचा निम्माच खरा धरा. निम्मा केला तरी २७ होतात, आपल्याला १७-१८ लागणार, म्हणजे भागलं. ज्या बॅटरीचा दावाच गरजेच्या काठावर आहे ती घेऊ नका, ती गरम होते, फुगते, आणि लोडखाली व्होल्टेज एवढं पडतं की सगळा हिशोब बिघडतो.

३. प्रॉप आणि केव्ही, इथं जरा थांबा

केव्ही म्हणजे रिकामी मोटर एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे मारते तो आकडा. ९५० केव्हीची मोटर ११ व्होल्टवर रिकामी १०,४५० फेरे मारेल. प्रॉप लावला की हे फेरे खाली येतात, बऱ्यापैकी जुळलेल्या जोडीत ८०-८५ टक्क्यांवर. केव्ही जास्त म्हणजे मोटर जास्त ताकदवान असं बिलकूल नाही. केव्ही जास्त तर प्रॉप लहान आणि वेगात, केव्ही कमी तर प्रॉप मोठा आणि सावकाश. हळू उडणाऱ्या ट्रेनरला मोठा प्रॉप आणि कमी केव्ही हेच जमतं, ते लहान प्रॉप भुंगवणं वेगवान विमानांसाठी.

आता ज्याच्यामुळे सगळ्यात जास्त मोटरी जळतात ती गोष्ट. प्रॉपला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, आणि व्यासाच्या चौथ्या घाताने. कागदावर करून बघा. ३एस काढून ४एस लावली, प्रॉप तोच ठेवला. व्होल्टेज १.३३ पट झालं, ताकद १.३३ चा घन म्हणजे सुमारे २.४ पट, आणि करंट सुमारे १.८ पट. म्हणजे जी मोटर १८ अँपियर आणि २०० वॉटवर होती ती एकदम ३२ अँपियर आणि साडेचारशे वॉटच्या वर जाऊ बघते. मोटरच्या आतल्या रेझिस्टन्समुळे प्रत्यक्षात थोडं कमी भरतं पण मोटर जळायला तेवढं भरपूर झालं. 'फक्त एक सेल वाढवली' हे वाक्य ज्याच्या तोंडी येतं त्याने सोबत प्रॉप लहान केलाय का ते आधी विचारा.

प्रॉपचंही तसंच. १०x५ च्या जागी ११x५.५ लावला, बघायला एक इंचाचा फरक, पण १.१ चा चौथा घात गुणिले पिचची वाढ असं धरलं तर १.६ पट लोड. फेरे थोडे पडतात म्हणून जवळपास दीडपट म्हणा. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप स्क्रूसारखा किती पुढे जाईल ते.

पिच स्पीड काढायला सोपं सूत्र: फेरे गुणिले पिच गुणिले ०.००१५२४, उत्तर ताशी किलोमीटर. ८,९०० फेरे आणि ५ पिच असेल तर ६८. ट्रेनर पडायच्या बेतात येतो तो वेग साधारण ताशी २५ धरला तर पिच स्पीड त्याच्या अडीच पटीच्या वर आहे, म्हणजे व्यवस्थित. पिच फारच कमी घेतला तर विमान जमिनीवर जोरात ओढतं पण हवेत गेल्यावर पळतच नाही, नवीन माणूस गोंधळतो की ताकद गेली कुठे.

आपल्या विमानासाठी १०x५ चा इलेक्ट्रिक प्रॉप, ९५० केव्हीच्या आसपासची मोटर, ३एस. माझ्या गणिताने १७-१८ अँपियर, १९०-२०० वॉट, ८,९०० च्या आसपास फेरे. पाहिजे होते १८०, थोडं जास्तच मिळतंय, चांगलं आहे. ईकॅल्कसारख्या वेबसाइटवर हेच आकडे टाकून बघा, पण त्याचं उत्तरही १०-१५ टक्के इकडंतिकडं असतं हे धरून चला.

एक सांगायचं राहिलं, प्रॉपवर 'एसएफ' लिहिलेलं असेल तर तो स्लो फ्लायर. एपीसी कंपनीच्या स्लो फ्लायरला मर्यादा आहे ६५,००० भागिले इंचातला व्यास, म्हणजे १० इंचीला ६,५०० फेरे. आपण ८,९०० वर फिरवणार, तेव्हा तो चालणार नाही, 'ई' लिहिलेलाच घ्यायचा. पातळ पात्याचा प्रॉप जास्त फेऱ्यांवर फडफडतो आणि तुटून उडतो, आणि समोर कोणीतरी उभं असतं. आणि नाक खाली झुकलं तरी प्रॉप जमिनीला घासणार नाही एवढी जागा आहे का तेही आत्ताच मोजून घ्या.

४. मोटरवरचे आकडे

२२१२ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा आतल्या स्टेटरचा (तारा गुंडाळलेल्या स्थिर भागाचा) व्यास २२ मिमी आणि उंची १२ मिमी. पण काही कंपन्या बाहेरच्या डब्याचं माप लिहितात, तिथं तशाच आकाराची मोटर २८३० म्हणून मिळते. त्यामुळे २८३० ही २२१२ पेक्षा मोठी असं समजून घेऊ नका, पानावर वजन बघा. वजन खोटं बोलत नाही. बऱ्या आउटरनरला (बाहेरचा डबा फिरतो अशा मोटरला) ग्रॅममागे ३ वॉट सतत झेपतात असा ढोबळ नियम आहे. ५० ग्रॅमची मोटर म्हणजे १५० वॉट, ७० ग्रॅमची म्हणजे २१०.

आता आपल्याकडे सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी मोटर म्हणजे ए२२१२, १००० केव्ही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, नाहीतर ऑनलाइन, ३० अँपियर ईएससी आणि १०४५ (म्हणजे १०x४.५) प्रॉपसकट कॉम्बो म्हणून मिळते. तिच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: १२ अँपियर, ६० सेकंद. वजन ५० ग्रॅमच्या आसपास. आणि ३एसवर तो १०४५ प्रॉप फुल थ्रॉटलला १२ च्या वर जातो. म्हणजे कॉम्बोमध्ये ईएससी मोटरच्या अडीचपट मोठा आणि प्रॉप मोटरला जड. ६०० ग्रॅमच्या विमानाला ही मोटर ९ इंची प्रॉपवर मस्त चालते, स्वस्त आहे, शिकायला चांगली आहे. पण आपल्या ९०० ग्रॅमवाल्याला ती सतत दमत राहणार. इथं २२१६ आकाराची, ७० ग्रॅमच्या आसपास, ९०० ते १००० केव्हीची घ्या. चारपाचशे रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या.

मोटर गरम होऊन वास यायला लागला तर ती 'चालतेय ना' म्हणून वापरत राहू नका. साध्या निओडायमियम मॅग्नेटची सहनशक्ती ८० डिग्रीच्या आसपास संपते, त्यानंतर मॅग्नेट कमजोर होतो, मॅग्नेट कमजोर झाला की केव्ही वाढतो, केव्ही वाढला की करंट वाढतो, आणि करंटने अजून गरम. पुढच्या वेळी ईएससीही सोबत जातो.

मोटर बसवताना बारीक पण महत्त्वाचं. या आकाराच्या मोटरींना खाली १६ आणि १९ मिमीवर एम३ ची भोकं असतात. स्क्रू लांब असला तर तो बेसमधून आत जाऊन वायंडिंगला टेकतो. हाताने फिरवली तर काही कळत नाही, पॉवर दिली की शॉर्ट. स्क्रू लावून झाला की मोटर उजेडात धरा आणि बाजूच्या फटीतून आत डोकावून बघा, स्क्रूचं टोक आणि तांब्याच्या तारेमध्ये फट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर वॉशर टाका नाहीतर स्क्रू घासून कमी करा.

५. आता ईएससी

कमाल करंट १८, त्यावर २५-३० टक्के मोकळीक, म्हणजे २३-२४. बाजारात पुढचा आकार ३० अँपियर, तोच घ्यायचा. ४० चा आधीच घरात पडला असेल तर तोही बिनधास्त लावा, थोडं वजन वाढेल एवढंच. मोठा ईएससी लावला तर मोटरमध्ये जास्त करंट घुसवेल ही भीती बऱ्याच जणांना असते, ती काढून टाका. १६ अँपियरच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावला म्हणून चार्जर जळत नाही, तो त्याला लागतो तेवढाच करंट घेतो. उलटं मात्र चालत नाही, १८ ओढणाऱ्या जोडीला २० चा ईएससी लावून भर उन्हात उडवला तर तो वर बंद पडेल.

पाकिटावर दोन आकडे असतात, एक सतत आणि एक १० सेकंदांचा बर्स्ट. सतत वाला बघा. बर्स्ट विसरून जा. सततचा आकडासुद्धा हवा खेळती असेल तरच खरा. सनबोर्डच्या बंद पोटात ईएससी कोंबून वर टेप मारली तर ३० चा ईएससी ३० चा राहत नाही. पुढून हवा आत यायला एक फट आणि मागून बाहेर जायला त्याहून मोठी फट ठेवा. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी उडवणाऱ्यांनी मोकळीक ५० टक्केच धरावी असं मला वाटतं.

'मी कुठं फुल थ्रॉटल देतो, मला लहान ईएससी चालेल' हे पण खूप ऐकू येतं, आणि हे साफ चुकीचं आहे. अर्ध्या थ्रॉटलला ईएससी मोटरचा करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, बॅटरीतून सरासरी करंट कमी दिसतो पण मोटरच्या तारेत आणि ईएससीच्या आत वाहणारा करंट त्याहून जास्त असतो, आणि ते चालू-बंद करण्यातली उष्णता वेगळी. ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटल ७० टक्क्यांवर अडवून मोठा प्रॉप चालवायचा उपाय म्हणूनच भरवशाचा नाही. प्रॉप लहान करा.

बीईसी म्हणजे ईएससीच्या आतली ५ व्होल्टची सोय, जिच्यावर रिसिव्हर आणि सर्व्हो चालतात. स्वस्त ईएससीत लिनियर बीईसी असते, ती जादाचे व्होल्ट उष्णतेत घालवते. फुल बॅटरी १२.६, पाहिजेत ५, म्हणजे ७.६ व्होल्ट जाळायचे, सर्व्होंनी मिळून २ अँपियर घेतले तर १५ वॉटची उष्णता त्या अंगठ्याएवढ्या पट्टीत. ३एसवर चार ९ ग्रॅमवाले सर्व्हो साधारण चालून जातात, ४एसवर मात्र दोनच्या वर नको. स्विचिंग बीईसी लिहिलेला मिळाला तर सरळ तोच घ्या, कारण मोटर बंद पडली तर विमान ग्लाइड करत उतरवता येतं, बीईसी बंद पडली तर काहीच हातात राहत नाही. ओप्टो लिहिलं असेल तर आत बीईसी नाहीच, वेगळी लावावी लागते. दोन मोटरींचं विमान असेल तर दोन्ही ईएससींच्या बीईसी एकत्र जोडू नका, एकाच्या लाल वायरची पिन कनेक्टरमधून काढून टेप लावून ठेवा.

घेताना अजून एक बघा, तो विमानाचा आहे की ड्रोनचा. सायमनके किंवा बीएलहेली फर्मवेअरचे (आतल्या सॉफ्टवेअरचे) ड्रोनचे ईएससी स्वस्त मिळतात, पण त्यात बॅटरी संपत आल्यावर मोटर कमी करायची सोय बहुतेक नसते किंवा बंद असते. विमानाला ती पाहिजे. हॉबीविंग स्कायवॉकरसारखा विमानासाठीचा ईएससी घेतला की ती असते.

६. जोडणी आणि कॅलिब्रेशन

मोटरच्या तीन तारा ईएससीच्या तीन तारांना कशाही जोडा. उलटी फिरली तर कोणत्याही दोन अदलाबदल करा, झालं. बॅटरीच्या तारांची मात्र अदलाबदल एकदाही नको, लाल-काळी उलटी लागली की ईएससी तिथल्या तिथं जातो. अंतर कमी पडत असेल तर मोटरकडच्या तारा वाढवा, बॅटरीकडच्या नको. बॅटरीची तार लांब झाली की चालू-बंद होताना व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ते ईएससीच्या कपॅसिटरवर येतात.

कॅलिब्रेशन करताना प्रॉप काढून ठेवायचा. सैल करून नाही, काढून. मग ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल पूर्ण वर, बॅटरी जोडा, बहुतेक ईएससी दोनदा बीप करतात, लगेच थ्रॉटल पूर्ण खाली, मग सेल मोजून तेवढे बीप आणि शेवटी एक लांब बीप. ३एसला तीन बीप आले पाहिजेत, दोन आले तर बॅटरी अर्धवट चार्ज आहे आणि ईएससी तिला २एस समजतोय, तसं उडवू नका. सेटिंगमध्ये बॅटरी लिपो, कट-ऑफ सॉफ्ट म्हणजे बॅटरी संपत आल्यावर मोटर एकदम बंद न होता ताकद कमी होते, ब्रेक बंद, टायमिंग मीडियम. ब्रेक फक्त घडीच्या प्रॉपवाल्या ग्लायडरला लागतो. थ्रॉटल झटकन वाढवल्यावर मोटर अडखळली, किरकिरली तर टायमिंग एक पायरी वाढवून बघा.

७. वॉटमीटर

हे केल्याशिवाय उडवायचं नाही. वॉटमीटर स्वस्तात मिळतो, बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडायचा. बॅटरी फुल चार्ज, प्रॉप लावलेला, विमान टेबलाला नीट बांधलेलं किंवा एकाने मागून घट्ट धरलेलं, आणि प्रॉपच्या पात्यांच्या रेषेत बाजूला कोणीही नाही, समोर तर नाहीच. थ्रॉटल हळूहळू पूर्ण वर, पाच-सहा सेकंद, आकडा वाचा, खाली.

१८ च्या आसपास दिसलं तर सगळं जुळलं. २३-२४ दिसलं तर प्रॉप एक इंच कमी करा किंवा पिच कमी करा आणि परत मोजा. १३ दिसलं तर प्रॉप थोडा मोठा करायला जागा आहे. हवेत विमान पुढे पळायला लागलं की करंट १०-२० टक्के उतरतो, म्हणून जमिनीवरचा आकडा सगळ्यात वाईट धरायचा. नंतर अर्धा मिनिट फुल थ्रॉटल देऊन बॅटरी काढा आणि मोटरला, ईएससीला हात लावा. तीन-चार सेकंद बोट टेकवून ठेवता येत नसेल तर ते जास्त गरम आहे.

८. उडवायला जाताना

आपलं ९०० ग्रॅमचं विमान २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅम ते २ किलोच्या मायक्रो वर्गात बसतं, धंद्यासाठी नसेल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण नजरेच्या टप्प्यात, ४०० फुटांच्या खाली आणि डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर हिरव्या भागातच उडवायचं. नोंदणी आणि बाकी अटीही आधी बघून घ्या. विमानतळाजवळची मैदानं बऱ्याचदा हिरव्यात नसतात, त्यामुळे आधी नकाशा मग मैदान.

टायमर पहिल्या दिवशी ६ मिनिटांचा लावा. उतरल्यावर सेल चेकरने बघा, सेलला ३.७ च्या खाली गेलेलं नको. मग घरी चार्जर किती एमएएच परत भरतो ते वाचा. समजा ६ मिनिटांत १,००० भरले, म्हणजे सरासरी १० अँपियर. २,२०० चे ८० टक्के १,७६०, म्हणजे साडेदहा मिनिटं निघतील, लँडिंग चुकून परत फेरी मारावी लागली तर म्हणून टायमर ८ वर ठेवा.